बाबूराव पेंटरांच्या गावात

एसटी कोल्हापूरच्या कावळा नाक्याशी आली की महाराणी ताराराणींचा पुतळा दिसतो. घोड्याचे पुढचे पाय हवेत आहेत आणि एवढ्या धातूचा सगळा भार मागच्या बाजूने पेलला आहे. स्टँडवरून रिक्षा केली. माझं बोलणं ऐकून रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "लांबनं आलाय काय ताई?" नागपूरहून, म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग ताराराणींचा पुतळा बघितला न्हवं येताना? रवींद्र मेस्त्रींचं काम हाय ते."

नागपुरात चौकातला पुतळा कोणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो कोणी घडवला, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. इथे रिक्षावाला पुतळ्याआधी शिल्पकाराचं नाव घेतो आणि तेही गल्लीतल्या माणसाचं घ्यावं तसं. ज्याच्यासाठी मी या गावात आले होते, तो माणूसही इथे असाच, घरच्या माणसासारखा, बोलण्यात येत राहिला. जन्मनाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता आडनाव झालं 'पेंटर', आणि गावाने त्यापुढे 'कलामहर्षी' लावलं.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने कोणत्याही कलाशाळेत पाऊल टाकलं नाही. वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम करत आणि हस्तिदंतावर कोरीवकामही करत. त्या घरात शाळा म्हणजे वडिलांचा पाट, आणि पाटी-पेन्सिलीच्या जागी रंधा, पटाशी, भाता. चित्र, शिल्प, पडदा, कॅमेरा, चित्रपट, पोस्टर ही बाबूरावांची सगळी कामं त्या घरातून निघाली. म्हणून त्यांना नुसतं 'चित्रपट दिग्दर्शक' म्हटलं की मला अपुरं वाटतं. मुंबई-पुण्याकडच्या बहुतेक लिखाणात ते तेवढेच उरतात. कोल्हापुरात पायी फिरलं की तो माणूस पुरता दिसायला लागतो.

पहिला मुक्काम टाउन हॉल. भाऊसिंगजी रोडवरची ही काळ्या दगडाची इमारत मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याच्या आराखड्यावरून १८७६ साली पुरी झाली. नवा राजवाडाही त्यांचाच. आत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर झालेल्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. त्यात समुद्रदेव पोसायडनच्या एका लहानशा ब्राँझ मूर्तीचं कौतुक जगभर झालं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणाऱ्या या गावात धातू ओतण्याचं आणि ओतलेल्या धातूकडे डोळे भरून पाहण्याचं वेड किती जुनं असेल, असा विचार तिच्याजवळ उभं राहिलं की मनात येतोच.

इमारतीभोवतीची बाग मात्र सगळ्यांची आहे. बाकांवर अभ्यास करणारी मुलं, डबा उघडून बसलेले दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक, हिरवळीवर आडवे झालेले म्हातारे. एका बाईंनी सरकून जागा दिली आणि हातातला भडंगाचा कागद पुढे केला. "घ्या की. लाजताय काय." लसूण तळून टाकलेलं ते तिखट भडंग खाताना मला बाबूरावांच्या काळातल्या इंग्लंडमधली एक बाई आठवत होती. गर्ट्रूड जेकिल. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली, भरतकाम, चांदीकाम, लाकडावरचं कोरीवकाम स्वतःच्या हाताने करणारी. नजर अधू होत गेली तसं बारीक काम सुटलं आणि तिने रंग मातीत पेरायला घेतले. चारशेवर बागांची आखणी तिच्या नावावर आहे. थंड निळ्या-करड्या फुलांपासून सुरू होऊन मध्ये लाल-केशरीचा भडका आणि पुन्हा निळ्याकडे उतरणारे तिचे ताटवे ही चित्रकाराचीच कामं होती. तिच्या आधी विल्यम मॉरिसने चित्रकार मोठा आणि खुर्ची करणारा छोटा हा भेद मोडायला निघालेली एक पिढी तयार केली होती. यंत्राच्या गदारोळात कारागिराचा हात हरवतोय, तो परत आणला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

कोल्हापूरच्या मेस्त्रींच्या घरात तो हात हरवलेलाच नव्हता. इंग्लंडमधले कलावंत पुस्तकं लिहून, संघ काढून जे परत मिळवू बघत होते, ते इथे बापाकडून पोराकडे रोजच्या कामात चाललेलं होतं. आणि बागा? बाबूरावांनीही बागा उभ्या केल्या. त्यांच्या बागा कापडावर होत्या.

संगीत नाटकांच्या त्या काळात प्रत्येक कंपनीच्या सामानात पडद्यांच्या गुंडाळ्या असत. राजवाडा, रस्ता, अरण्य आणि बाग हे तर हवेतच. सौभद्र असो की आणखी काही, नायक-नायिका भेटायचे ते बागेतच. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं भलंमोठं कापड, त्यावर खळीचा हात, मग सरसात कालवलेले भुकटीचे रंग. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून उद्या कसा दिसेल ते आज डोळ्यांत धरून हात चालवायचा. रात्री रंगमंचावरच्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात हिरवा मरतो आणि निळा काळवंडतो, त्याचाही हिशेब आधी करायचा. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कारंजं कारंजंच वाटलं पाहिजे, आणि मागे आंब्यांच्या रांगांतून जाणारी वाट खरोखर लांब गेली पाहिजे.

बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी १९१०च्या आगेमागे या कामात असं नाव मिळवलं की किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व अशा कंपन्यांचे पडदे त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. त्यांच्याकडे शिकायला, रंग खलायला, काठ भरायला येणाऱ्या पोरांत दोघं पुढे फार मोठे झाले: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. रंगवलेल्या त्या बागा आता नाहीत. गुंडाळी उलगडता-मिटता कापडाला घड्या पडायच्या, घडीवर रंग उडायचा, पावसाळ्यात बुरशी यायची, आणि कंपनी बुडाली की पडदे लिलावात जायचे.

शिवाजी चौकात छत्रपतींचा अर्धपुतळा आहे. तो बाबूरावांचा. आधी तिथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा उभा होता. स्वातंत्र्यलढ्यात कोल्हापूरच्या स्त्रियांनी पुढे होऊन तो विद्रूप केला, आणि त्या जागी १९४५ साली महाराज आले. भालजी पेंढारकरांनी त्यात पुढाकार घेतला होता. गर्दीचा चौक. फुलवाले, वडाप, हॉर्न. पुतळ्याच्या चेहऱ्याकडे बघायला उसंत मिळणं कठीण, पण थोडं बाजूला होऊन बघितलं की कळतं, हा आवेशात ओरडणारा चेहरा नाही. भुवयांपाशी किंचित आवळ, नजर समोर, आणि गालाच्या उतारावर इतका संयम की दिवसभरात ऊन सरकतं तसा भाव बदलतो. पडद्यावर उजेडाचा हिशेब करणाऱ्या माणसाने इथे खऱ्या सूर्याचा हिशेब धरला आहे.

तिथून पापाची तिकटी जवळच. कुंभार गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंना घराघरांच्या सोप्यात मूर्तिकाम चाललेलं. एका सोप्यात साठीचे एक काका शाडूच्या गणपतीचे डोळे घडवत होते. उंबऱ्याबाहेर थांबले तर त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "या की आत. उन्हात कशाला?" सून चहा घेऊन आली. कोल्हापुरात चहाला नाही म्हणण्याची सोय नाही, आणि काही वेळाने ती मलाच नकोशी झाली. काकांच्या हातात बांबूची चपटी कोरणी होती, एका टोकाला धार आणि दुसऱ्या टोकाला गोलाई. आधी अंगठ्याने खोबणी दाबली. मग तांदळाएवढी मातीची गोळी ओल्या बोटाने बसवली. मग वरची पापणी, एका ओढीत. खालची पापणी मात्र तीन-चार वेळा पुसून पुन्हा केली. "वरची चुकत नाही," ते म्हणाले, "खालची चुकली की देव झोपलेला दिसतो नाहीतर रागावलेला." बाजूला त्यांचा नातू बसला होता. त्याला अजून डोळा करायला देत नाहीत. तो उंदीर करतो. उंदीर करून करून बोट बसलं की मोदक, मग सोंड, आणि डोळा सर्वांत शेवटी.

बाबूराव कसे शिकले असतील ते या सोप्यात बसून मला जितकं समजलं तितकं कुठल्या चरित्रातून समजलं नव्हतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या काळी आधी ग्रीक मूर्तींच्या पांढऱ्या प्लास्टरच्या नकला रेखाटायला लावत. इथे आधी उंदीर. दोन्हीकडे हात तयार होतो. फरक इतकाच की इथला उंदीरही बाजारात विकला जातो. पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याचं काम कामातच धरलं जातं.

दुपारी एका खानावळीत जेवले. आमच्या सावजीचं काळपट, जळजळीत मटण खाऊन वाढलेल्या माणसाला वाटतं की तिखट आपल्याला कोण शिकवणार. पण इथे ताटाआधी वाटीतून पांढरा रस्सा येतो. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, मिरीची हलकी झणझण. तो प्यायचा. मग तांबडा. एका मटणातून दोन चवी काढायच्या आणि एकीने दुसरीला उठाव द्यायचा. वाढणाऱ्या मावशी पुनःपुन्हा रस्सा ओतत होत्या आणि नको म्हटलं की "रश्शाला नको म्हणत्यात व्हय?" असं जरा दुखावल्यासारखं विचारत होत्या. नागपुरात आग्रह गोड पदार्थांचा असतो. इथे तो रश्श्याचा.

भवानी मंडप ओलांडून, चप्पल ओळीतल्या कातडी वासातून खासबागेकडे गेले. शाहू महाराजांनी इथे कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर. १९१५ साली उघडलेलं ते थिएटर पुढे गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. केशवरावांचा जन्मही १८९०चाच, बाबूरावांसारखा. एक गाणारा, एक रंगवणारा. 'ललितकलादर्श'चे केशवराव समोर आणि मागे पेंटरांचा पडदा, हा योग कोल्हापूरकरांनी पाहिला. पलीकडे लाल मातीत पैलवान आणि अलीकडे संगीत नाटक, अशी शेजारशेजारची जोडी बांधणारा राजा या गावाला मिळाला नसता तर मेस्त्रींची पोरं कदाचित आयुष्यभर दरवाजे-खिडक्याच करत राहिली असती.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लाकडी रंगमंच, छप्पर, खुर्च्या सगळं गेलं. कोल्हापूरकर त्या रात्रीबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या आजोबांनी तिथं नाटक बघितलं, वडिलांनी बघितलं, मी माझ्या पोरीचं गॅदरिंग तिथं बघितलं." एवढंच बोलून ते थांबले. नाट्यगृह पुन्हा बांधायचं हे गावाने आगीनंतर लगेच ठरवलं आणि काम हाती घेतलं गेलं.

तिथून मंगळवार पेठेतला खरी कॉर्नर चालत गाठता येतो. इथे कॅमेऱ्याचं शिल्प असलेला एक स्तंभ आहे. दर १ डिसेंबरला चित्रपटातली माणसं इथे हार घालायला जमतात, कारण १ डिसेंबर १९१७ला बाबूरावांनी 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली आणि ती या भागात होती. रहदारीत स्तंभ पटकन नजरेत भरत नाही. मी विचारलं तेव्हा रसवंतीवाल्याने गुऱ्हाळ थांबवून चार पावलं बरोबर येऊन दाखवला. "ह्यो बघा. पहिला देशी कॅमेरा ह्या गावात झाला."

त्याची गोष्ट अशी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पडदे रंगवणाऱ्या या दोन भावांना हलणाऱ्या पडद्याचं वेड लागलं. फाळके जे. जे.मध्ये शिकलेले. १९१२मध्ये लंडनला जाऊन तिथून ते कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. कोल्हापूरच्या भावांजवळ तेवढा पैसा नव्हता. त्यांनी मुंबईहून एक प्रोजेक्टर मिळवला, काही काळ चित्रपट दाखवण्याचा धंदा केला, आणि यंत्र आतून कसं चालतं ते समजून घेतलं. प्रोजेक्टर फिल्ममधून उजेड बाहेर टाकतो आणि कॅमेरा तो आत घेतो. फिल्म ओढण्याची क्रिया दोन्हीकडे एकच. मग कॅमेरा आपणच करायचा, असं ठरलं. काम अर्ध्यावर असताना १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून ते पुरं केलं.

हे किती अवघड आहे हे मला उद्यमनगरात गेल्यावर उमगलं. शिवाजी उद्यमनगर म्हणजे ओतशाळा, लेथ, वेल्डिंग, स्प्रे-पेंटिंगची दाटी, आणि मध्येमध्ये मिसळीची दुकानं. सकाळी नऊला वर्कशॉपमधली पोरं आणि गाडीतून आलेली कुटुंबं एकाच बाकावर बसून कटाची वाटी पुन्हा भरून मागतात. आमच्या तर्रीपोह्यांवर तर्री वरून ओततात. इथे कट हाच मुख्य आणि फरसाण-मोड त्याच्या आधाराला.

एका लेथवाल्या मेस्त्रींना मी विचारलं की फिल्म ओढायचं दातेरी चाक करायचं झालं तर? त्यांनी हातातलं काम बंद केलं आणि नीट ऐकून घेतलं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही काठांना छिद्रं. एका चित्राला चार छिद्रं. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चित्रं, म्हणजे सेकंदात सोळा वेळा फिल्म पुढे ओढायची, दर वेळी थांबवायची, थांबलेली असतानाच झडप उघडायची आणि मिटल्यावर पुन्हा ओढायची. त्यांनी खिशातला खडू काढून लोखंडी पत्र्यावर चाक काढलं. "दात केसाएवढा जरी चुकला तर छिद्र फाटणार," ते म्हणाले. "आणि झडपेची वेळ चुकली तर चित्र पुसटणार. आता सीएनसीवर करून देतो एका दिवसात. त्या टायमाला? हातानं? कानशीनं?" त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ त्या खडूच्या चाकाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "नमुना समोर असला तर मात्र जमतं. आमच्यात नमुना बघून सगळं जमतं."

बाबूरावांच्या पुढच्या कामाचंही मर्म तेच. पैशाची बाजू कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी सांभाळली, शाहू महाराजांचा आधार होता, आणि घरच्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' झाला. १९२०च्या फेब्रुवारीत पुण्यात आर्यन सिनेमात तो लागला. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. त्या काळी हे धाडस होतं. कीचकवधाचा प्रसंग बघून प्रेक्षक हादरले, असं सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच वेळी, त्यांच्या निधनाच्या काही महिने आधी.

पडदे रंगवून मोठा झालेला माणूस चित्रपटातही रंगवलेले पडदेच टांगेल, असं वाटलं असतं. बाबूरावांनी नेमकं उलट केलं. सपाट पडद्याऐवजी त्यांनी चार बाजूंनी फिरता येईल अशा भिंती, खांब, कमानी उभ्या केल्या. खोटी खोली कशी रंगवायची हे ज्याला पुरतं माहीत होतं त्यालाच कॅमेऱ्यापुढे ती पुरणार नाही हे आधी कळलं. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. वेशभूषेचे आराखडे स्वतः काढले. चित्रपटाबरोबर छायाचित्रांसह माहितीपुस्तिका छापली, आणि पोस्टरं तर हातानेच रंगवली. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपटाचं पोस्टर मानतात. चित्रकार, सुतार, शिंपी, लोहार, प्रचारक या सगळ्यांचं काम त्या एका माणसाच्या हाताखाली चालायचं, आणि प्रत्येक काम त्याला करता येत होतं.

आणि मग 'सावकारी पाश'. १९२५. पौराणिक चमत्कारांनी भरलेल्या पडद्यावर पहिल्यांदा एक कर्जबाजारी शेतकरी आला, सावकाराने जमीन गिळलेला, शहरात गिरणीत मजुरीला गेलेला. ते काम केलं तरुण व्ही. शांतारामांनी. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना अंधारी झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारं कुत्रं वर्षानुवर्षं आठवत राहिलं. राजवाडे, बागा, देवळं रंगवण्यात हयात घालवलेल्या हाताने एक झोपडी उभी केली आणि त्यात उजेड किती कमी ठेवायचा हे ठरवलं. बाबूरावांचं सर्वांत धीट काम मला तेच वाटतं.

शांताराम १९२०मध्ये या कंपनीत आले ते पडेल ते काम करायला. रंग, रसायनं, कॅमेरा, अभिनय सगळीकडे हात लावला. दामले, फत्तेलाल आधीपासूनच होते. इंग्लंडमध्ये सी. आर. अ‍ॅशबी यांनी १८८८मध्ये कारागिरांचा संघ काढला होता. सुतार, सोनार, छपाईवाले एकत्र राहून काम करायचे. शहरातून तो खेड्यात नेला, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच पैशाअभावी तो बुडाला. बाबूरावांची कंपनीही १९३१च्या सुमारास संपली. बोलपटांचं युग आलं, जमाखर्च हा पेंटरांचा प्रांत नव्हता, आणि हाताखालची माणसं आधीच बाहेर पडली होती. १ जून १९२९ला दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली आणि १९३३मध्ये ती पुण्याला नेली. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३७मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. त्या चित्रपटातलं देहू, तिथले ओटे, कुडाच्या भिंती, विठ्ठलाचं देऊळ पाहताना मला पापाच्या तिकटीवरचा उंदीर करणारा मुलगा दिसतो. उंदरापासून सुरू झालेले हातच ते.

बाबूरावांनी नंतरही चित्रपट केले. १९३५चा 'उषा', 'सावकारी पाश'चा बोलपट, आणि १९४७मध्ये शिष्य शांतारामांच्याच 'राजकमल'साठी 'लोकशाहीर रामजोशी'. पण मन पुन्हा रंगांकडे आणि मातीकडे वळलं होतं. १६ जानेवारी १९५४ला ते गेले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आता बघायला मिळत नाहीत. 'सैरंध्री' नाही. नायट्रेटची फिल्म पेट घेते, नाहीतर डब्यातच कुजते.

उद्यमनगराच्या आवाजातून बाहेर पडून थोडं चाललं की कोटितीर्थ लागतं. तळं, काठावर देऊळ, झाडं. आबालाल रहिमान हे इथले. जे. जे.मध्ये शिकून परतलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, फकिरी वृत्तीचे. तळ्याकाठची पहाट, पंचगंगा, रंकाळा त्यांनी पुनःपुन्हा रंगवला. १९३१मध्ये ते वारले. आपली कितीतरी चित्रं त्यांनी याच पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. बाबूराव आणि आबालाल, एक न शिकलेला आणि एक शिकलेला, एकाच गावात, एकाच काळात. माधवराव बागलांनी 'कोल्हापूरचे कलावंत' या पुस्तकात या गावातल्या कलाकारांची माहिती जपली नसती तर आज आपल्याला यांच्याबद्दल आणखी कमी कळलं असतं.

काठावर कलाशाळेतली पाच-सहा मुलं जलरंगात काम करत बसली होती. एकीच्या कागदावर देवळाची सावली पाण्यात उतरली होती. सावलीची कड कोरडी राहू नये म्हणून ती बोटाने पाणी ओढत होती. मी विचारलं, पडदा कधी रंगवलाय? नाटकाचा, मोठा, सरसाचा? "नाही हो. आता फ्लेक्सच असतंय," ती म्हणाली. मग लगेच, "शिकवणारं कुणी हाय का?"

माझ्या माहितीत कुणी नव्हतं. पण नाट्यगृह नव्याने उभं राहतंय, तर त्याच्या पहिल्या प्रयोगासाठी एक पडदा कापडावर, सरसात, हाताने रंगवून घ्यावा असं मला तिथे फार तीव्रतेने वाटलं. बागेचाच असावा. कुंभार गल्लीतले काका, उद्यमनगरातले मेस्त्री, ही मुलं, यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात एखादा वृद्ध माणूस असेल ज्याने लहानपणी रंग खलले आहेत, किंवा खलताना पाहिले आहेत. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती आणि शेजारचा मुलगा आपापसांत बोलायला लागले. कापड किती लागेल, कुठे पसरायचं, शाळेचा हॉल पुरेल की नाही. मुलाने वहीच्या मागच्या पानावर मापं लिहायला घेतली. रंगमंचाची रुंदी कुणाला विचारायची, यावरून त्यांचं थोडं वाजलंही.